गाळ, विरजण आणि माझं एक चुकलेलं वाक्य

नमस्कार. घरच्या बिअरवरच्या माझ्या लेखाला प्रतिक्रिया चिडून लिहिली आहे तुम्ही, पण तिच्यात दम आहे. तुमचं म्हणणं असं: बिअरच्या तळाशी बसलेला यीस्टचा गाळ पुढच्या बिअरला पुन्हा वापरणं हा कद्रूपणा, नवं पाकीट फोडावं; ‘गाळ म्हणजे विरजणच’ ही माझी उपमा फसवी, गाळ उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवायचा असतो एवढंही मला ठाऊक नाही, आणि ‘पाच-सहा बॅच आरामात निघतात’ हे वाक्य नवख्यांना खड्ड्यात घालणारं.

कद्रूपणा कबूल. ब्रुअरीवालेही एकच यीस्ट फिरवत राहतात, त्यांना मात्र कुणी कद्रू म्हणत नाही.

उपमेचं तुमचं खरं आहे. आईचं विरजण रोज ताज्या दुधात जातं, आणि दही इतकं आंबट असतं की परक्या जंतूंची डाळ शिजत नाही. शिवाय विरजण म्हणजे जिवाणूंचं एकत्र कुटुंब, एखादा कमीजास्त झाला तरी दही लागतं. बिअरला एकाच जातीचं यीस्ट हवं. रानटी यीस्ट घुसून बिअर बिघडते हे ओळखूनच डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सन यांनी 1883 साली एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. आपल्याकडचा माडाचा सूर, म्हणजे माडी, रानटी यीस्टवरच आंबतो, त्यावर तांदळाच्या सान्ना छान फुगतात. पण तोच सूर ठेवून दिला की व्हिनेगर.

धुण्याबद्दल मात्र मी ऐकणार नाही. गाळावर जी थोडी बिअर उरते, तिच्यातली आम्लता, अल्कोहोल आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) मिळून यीस्टची राखण करतात. पाणी घातलंत की हा पहारा तुम्हीच उठवलात. वर प्रत्येक ओतण्यात बाहेरचं काही आत जायची नवी संधी. मी बरणी कुकरमध्ये वाफवून घेतो, वरचा पातळ थर आणि तळाचा काळपट चोथा सोडून मधला सायीसारखा भाग भरतो, वर बोटभर बिअर राहू देतो आणि फ्रीजमध्ये ठेवतो. झाकण सैल, नाहीतर गॅसनं बरणी फुटते. 20 लिटरला दीडशे-दोनशे मिली घट्ट गाळ मला पुरतो. आठ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेल्या बिअरचा गाळ सरळ नारळाच्या अळ्यात.

आता ते वाक्य. ‘किती बॅच’ हा हिशेबच चुकला, ‘किती दिवस’ विचारायला हवं होतं. मागच्या एप्रिलमध्ये तीन दिवस वीज जात-येत होती. बरणी महिन्याहून जुनी, फेरी चौथीच. उघडल्यावर पावासारखा वास यायला हवा, आला रबरासारखा. तरी ओतलं, कारण वर्ट (आंबवायचं माल्टचं गोड पाणी) तयार होतं आणि मी हट्टी. अडीच दिवस फेसाचा पत्ता नाही. त्यात काजूचा हंगाम, मागच्या उतारावर बोंडू कुजत पडलेले, घरभर चिलटं. ती व्हिनेगरचे जिवाणू अंगावर घेऊन फिरतात आणि माझं झाकण नीट बसलं नव्हतं. यीस्ट दमदार असतं तर त्यानं आधीच जागा अडवली असती. तिसऱ्या आठवड्यात 20 लिटर व्हिनेगर! बायको अजून त्यात कांदे मुरवते.

हे मूळ लेखात लिहायला हवं होतं, लाजेपोटी टाळलं. आज त्या वाक्याखाली भर घातली आहे: बरणीवर तारीख लिहा, दोन आठवड्यांत वापरा, वास खटकला तर यीस्टचं नवं पाकीट फोडा. पाकीट फोडण्यापुरतं तुमचं ऐकलं असं समजा.