मुंबई-न्यूयॉर्क, मार्गे कोल्हापूर

माझ्या सीटसमोरचा स्क्रीन बंद होता. मुंबई ते न्यूयॉर्क, मधली सीट, आणि समोर साडेपंधरा तास काळी पाटी. हवाई सुंदरीने दोनदा रीसेट करून पाहिलं, मग ‘सॉरी सर’ म्हणाली आणि पाण्याची एक जादा बाटली दिली. लाखभराच्या तिकिटावर ही भरपाई!

खिडकीशी कोल्हापूरचे एक काका, मुलाकडे निघालेले. त्यांचा स्क्रीन ठणठणीत. त्यावर त्यांनी नकाशा लावला आणि न्यूयॉर्क येईपर्यंत तो काही हलवला नाही.

“साडेबारा हजार किलोमीटर!” काकांनी जाहीर केलं. “म्हंजे मुंबई-कोल्हापूर तेहतीस वेळा. आणि मधे चहाला कुठंच थांबणार न्हाई.”

माझा डोळा लागला तोच त्यांचं कोपर लागलं.

“झोपलासा काय? रात्री एकला निघालो, सकाळी सातला पोचणार. सहाच तास की हो! मग ही माणसं साडेपंधरा का सांगत्यात?”

उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं, असं मी सांगितलं. काकांनी ते पचवलं.

“आणि येताना?”

“दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबई.”

“साडेतेवीस? जाताना सहा, येताना साडेतेवीस, आणि भाडं दोन्हीकडनं सारखंच?”

येताना जेट स्ट्रीमचा, म्हणजे उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा पाठीशी असतो, त्यामुळे प्रवास उलट तास-दीड तासाने कमी होतो, हे सांगायची हिंमत झाली नाही. पलीकडचा प्रवासी डोळ्यांवर पट्टी बांधून घोरत होता. भाग्यवान.

“ह्यो ड्रायव्हर वाकड्यात का निघालाय?”

ह्याला मात्र दोन उत्तरं होती. एक, एप्रिल 2025 पासून पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद, म्हणून आधी अरबी समुद्रावरून वळसा. दुसरं, पृथ्वी गोल. सपाट नकाशावर वाकडी दिसते तीच वाट प्रत्यक्षात जवळची, आणि वळसा नसता तर ती पार आर्क्टिकजवळून गेली असती. मी जेवणातला गोल पाव उचलला, त्यावर जॅमने मुंबई आणि न्यूयॉर्क काढलं, मधे उत्तरेकडून रेघ ओढली. काकांनी पाव हातात घेतला, फिरवून फिरवून पाहिला आणि खाऊन टाकला.

“पटलं,” म्हणाले.

पाव माझा होता.

नेटवर हे अंतर शोधलं की साडेबारा हजाराला ताशी 900 ने भागून कुणीतरी ‘चौदा तास’ असं बिनदिक्कत लिहून ठेवलेलं असतं. त्या भागाकारात समोरून येणारा वारा नसतो, बंद आकाश नसतं, तीन तास आधी येऊन ताटकळणं नसतं. गुडघे तर कोणीच मोजत नाही. आणि ती इमिग्रेशनची रांग! अंतर म्हणाल तर शंभर पावलं, वेळ विचारू नका.

रांगेत काका माझ्या पुढेच. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने त्यांना विचारलं, इथे किती दिवस राहणार? काका मागे वळले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले,

“आपल्या घड्याळानं सांगू, का ह्यांच्या?”