सालोसाल

मे महिन्यात वळवाच्या एका तडाख्यात आमच्या सहकारनगरच्या अंगणातल्या आंब्याची मोठी फांदी कोसळली. आई म्हणाली, "बरं झालं, बंबाची वर्षभराची सोय झाली." मी मात्र आदल्याच रात्री मोबाइलवर 'लाइव्ह एज' टीपॉय बघून झोपलो होतो. फळीची कड सरळ कापायची नाही, झाडाची साल जशीच्या तशी ठेवायची. किंमत बघितल्यावर तर ही फांदी म्हणजे मला आभाळातून पडलेला बोनसच वाटला.

भवानी पेठेत टिंबर मार्केटला नेऊन दोन इंची फळ्या पाडून आणल्या. उतरवताना टेम्पोवाल्याने एक फळी कडेवर आपटली. वीतभर साल गेली. पहिला हप्ता टेम्पोभाड्यातच वळता झाला.

सुतारकाकांनी अंगठ्याचं नख सालीखाली सारलं आणि भाकरीचा पापुद्रा उचलावा तशी चार बोटं साल अलगद उचलून दाखवली. खाली ओलं, बुळबुळीत. साल आणि लाकूड यांच्यामधला हा कँबियमचा थर. झाड वाढीच्या भरात असलं की तो असा रसरशीत असतो आणि साल सुटते. म्हणून थंड देशांतले लोक साल हवी असेल तर झाड हिवाळ्यात तोडतात. आमच्या वळवाला हे कोण सांगणार?

"आधी वाळवा," काका म्हणाले. "इंचाला एक साल."

म्हणजे साल टिकवायची तर दोन सालं!

जिन्याखाली फळ्या रचल्या, मध्ये पट्ट्या घातल्या, टोकं तडकू नयेत म्हणून त्यांना रंग फासला. लाकूड वाळताना आकसतं, सालही आकसते, पण दोघांचं प्रमाण जुळत नाही. (आमच्या सोसायटीच्या कमिटीचंही तेच आहे.) कामाच्या मावशी रोज सकाळी केरसुणीने फळ्यांच्या कडा खरडून झाडायच्या. "दादा, ह्याचा फार कचरा पडतो!" त्या कचऱ्यासाठीच मी जीव टाकत होतो, हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

पावसाळ्यानंतर सालीखालून मैद्यासारखी भुकटी गळू लागली. लाकूड पोखरणारे किडे मुक्कामाला आले होते. औषध मारलं. मग सुटत्या सालीखाली फेविक्विक सोडलं. साल फळीला धरेना; माझ्या तर्जनीला मात्र अशी धरली की दोन दिवस मी ऑफिसात झाडाचं बोट घेऊन टाइप करत होतो.

दोन वर्षांनी काका आले. पटाशीचा एक हलका ठोका, आणि उरलीसुरली साल अखंड पट्टीने खाली आली.

"आता घासून पॉलिश मारतो. कड झाडाचीच राहतेय ना? वळण बघा कसलं खुललंय!"

खुललं होतं, हे खरं. पण मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आईची हाक आली. "अरे, ऊठ! आज पाणी कसं झटक्यात तापलंय बघ!"