खोक्यावरचे वॅट बघून गाडीचे स्पीकर घेऊ नका

‘गाडीचा साऊंड दणदणीत करायची पाच सूत्रं’ नावाचा लांबलचक मेसेज सध्या सातारा-सांगलीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. धाकट्या भावानं तोच पुढे पाठवला, ‘यातला कुठला घेऊ?’ असं विचारलं आणि सोबत डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) उघडलेल्या दाराचा फोटो जोडला. दार उघडून झालंय म्हटल्यावर गप्प बसणं शक्य नाही. मेसेजचं म्हणणं असं: खोक्यावर सर्वांत जास्त वॅट लिहिलेला स्पीकर घ्या; एका वायरवर दोन स्पीकर जोडा, आवाज दुप्पट होतो; मॅग्नेट जेवढं मोठं तेवढा स्पीकर चांगला; गाडीसोबत आलेले कंपनीचे स्पीकर टाकाऊच असतात; दारातला प्लास्टिकचा कागद फाडून टाका, बेस मोकळा होतो.

पहिलं सूत्र वॅटचं. सगळ्यात जास्त पैसे इथंच बुडतात. स्पीकर वॅट तयार करत नाही, तो ते सोसतो. खोक्यावरचा ‘400 वॅट’ हा क्षणभर सोसायचा आकडा, तोही कंपनीनं स्वतःच ठरवलेला. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सलग सोसता येणारे वॅट. वॅट देणार तुमचा स्टिरिओ, आणि तो किती देतो याचं गणित घरी करता येतं. चालू गाडीत 14.4 व्होल्ट धरा. आतल्या सर्किटमध्ये दीड-दोन व्होल्ट जातात, म्हणजे स्वच्छ आवाजाच्या लाटेचं टोक साडेबाराच्या आसपास. त्याचे आरएमएस, म्हणजे हिशेबाला धरायचे व्होल्ट (टोक भागिले 1.41) होतात जेमतेम 9. 9 गुणिले 9, भागिले 4 ओहम (स्पीकरचा विद्युतरोध): 20 वॅट. मग स्टिरिओवर ‘50 × 4’ (चार स्पीकरना प्रत्येकी 50 वॅट) कुठून येतं? 14.4 गुणिले 14.4, भागिले 4 करून बघा, 52 येतात. लाट पूर्ण कापली जाऊन चौकोनी झाली, म्हणजे आवाज पार फाटला, तरच हा आकडा गाठता येतो. म्हणूनच अमेरिकेत 2003 साली सीईए-2006 हे मानक आलं (आता सीटीए-2006 म्हणतात). 14.4 व्होल्ट, 4 ओहम आणि आवाजातली विकृती 1 टक्क्याच्या आत असताना मिळतात तेवढेच वॅट छापायचे, असं ते सांगतं. ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) खोक्यावर त्याचा उल्लेख असेल तर आकड्यावर विश्वास ठेवा.

मग निवडायचं कशावरून? सेन्सिटिव्हिटीवरून, म्हणजे ठरावीक वॅट दिल्यावर स्पीकर किती डेसिबल वाजतो त्यावरून. 92 डेसिबलचा 60 वॅट आरएमएस स्पीकर आणि खोक्यावर 400 लिहिलेला 86 डेसिबलचा स्पीकर, दोन्ही त्याच स्टिरिओवर लावा. पहिला 6 डेसिबलनं मोठा वाजेल. दुसऱ्याला तेवढंच वाजायला चौपट वॅट लागतील आणि ते तुमच्या स्टिरिओत नाहीत. नवे महागडे स्पीकर लावल्यावर आवाज कमी झाल्याची तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. एक मेख मात्र ध्यानात ठेवा. काही कंपन्या हा आकडा 1 वॅटला देतात, काही 2.83 व्होल्टला. 4 ओहमच्या स्पीकरला 2.83 व्होल्ट म्हणजे 2 वॅट, त्यामुळे तिथं 3 डेसिबल फुगलेले असतात. ते वजा करूनच तुलना करा. वेगळा ॲम्प लावणार नसाल तर 1 वॅटला 90 च्या पुढचा बघा.

एका वायरवर दोन स्पीकर? 4 ओहमचे दोन समांतर जोडले की भार 2 ओहमवर येतो. बहुतेक स्टिरिओ 4 ओहमसाठी बनलेले असतात. ते तापतात, मध्येच बंद पडतात आणि एक दिवस आतली चिप जाते. निगेटिव्ह वायर बॉडीला अर्थ करायचा सल्लाही त्यातच दिलाय. स्टिरिओच्या दोन्ही वायरींत आउटपुट असतं, अर्थ केली की चॅनल गेला.

मॅग्नेटबद्दल एवढंच की आधी खोली मोजा. काच पूर्ण खाली घ्या आणि स्पीकर बसतो त्या पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर घ्या. स्पीकरची माउंटिंग डेप्थ (पत्र्याच्या आत जाणारी खोली) त्याहून निदान 5 मिलिमीटर कमी हवी, नाहीतर काच मॅग्नेटवर आपटते. स्पीकर पुढं घ्यायला स्पेसर रिंग लावायची तर प्लास्टिकची लावा. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा बोर्ड) पावसात फुगतं.

कंपनीच्या स्पीकरबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, हे मान्य करावं लागेल. बऱ्याच गाड्यांत पातळ कागदी कोनाचे आणि लहान मॅग्नेटचे स्पीकर येतात, ओल लागून ते चिरकतात. पण काढायच्या आधी स्टिरिओमध्ये हाय-पास (खालचा बेस अडवणारी सेटिंग) 80 हर्ट्झला लावून ऐका. खालचा भार निघाला की निम्मं फाटणं तिथंच थांबतं.

आता कागद. साताऱ्याहून कासला किंवा पाटणहून कोयनानगरला पावसात गाडी नेणाऱ्यानं हे नीट वाचावं. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत उतरतंच, आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ते डोअर पॅडकडं येऊ नये म्हणून तो कागद असतो. तो फाडला की पाणी पॅडच्या पुठ्ठ्यात मुरतं, वायरींच्या कपलरला गंज धरतो आणि पायाखालचं कार्पेट ओलं राहतं. बेसचं तर उलटंच होतं. कोनाच्या मागची हवा दारातल्या मोठ्या भोकांतून पुढं आली की पुढच्या आवाजाला काटते आणि बेस पातळ होतो. तेव्हा ती भोकं डॅम्पिंग शीटनं (पत्र्याची थरथर दाबणाऱ्या चिकट शीटनं) बंद करा, तळाची पाणी जायची भोकं मात्र कधीच बुजवू नका. काही गाड्यांच्या दारात साइड एअरबॅगचा प्रेशर सेन्सर असतो, म्हणून पत्र्याला नवीन भोकं पाडायची नाहीत. कागद परत लावताना ब्युटाइलची चिकट दोरी वापरा. साधी चिकटपट्टी उन्हाळ्यात सुटते. कागदाची खालची कड दाराच्या आत वळवा, म्हणजे पाणी आतच पडेल. पॅड बसवायच्या आधी बंद दाराच्या काचेवर बादलीभर पाणी ओता आणि आतून हात फिरवून बघा.