ती घोणस नव्हती

सकाळी आमच्या वॉकिंग ग्रुपवर एक फोटो पडलाय. सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाकडच्या कच्च्या रस्त्यावर डोकं ठेचलेला साप, शेजारी कुणाचे तरी पांढरे शूज आणि एक दांडकं. खाली मजकूर, "अतिविषारी घोणस. आपल्या बंधूंनी वेळीच मारली. सर्वांनी काळजी घ्यावी." त्यावर अंगठे, हार, फुलं. एकाने चक्क "अभिनंदन" लिहिलंय.

ती घोणस नव्हती हो. डुरक्या घोणस होती, पूर्ण बिनविषारी. फोटो मोठा करून बघा. शेपूट एवढीशी, बोथट. डोकं मानेइतकंच रुंद. पाठीवरचे तपकिरी डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले. खऱ्या घोणशीच्या पाठीवर लांबट गोल डागांच्या तीन रांगा असतात, डागांना काळी कड असते, आणि डोकं त्रिकोणी, मानेपासून स्पष्ट वेगळं. शिवाय ती गप्प बसत नाही. कुकरची शिट्टी व्हावी तसा फुत्कार टाकते, चार हातांवरून ऐकू येतो. डुरक्या हे बिचारं जनावर मुळात आळशी. उंदीर खायचे आणि मातीत पडून राहायचं, एवढंच त्याचं काम. मी ग्रुपवर हे लिहिलं तर उत्तर आलं, "मॅडम, घोणस ती घोणसच. तुम्हाला चावल्यावर कळेल की."

बरं, घोणस होती असं धरू. मग काय करत होती ती? रस्ता ओलांडत होती. सकाळी सहा वाजता ट्रॅक पँट घालून तिच्या रानात आपण गेलो होतो.

माझ्या आत्याचं शेत मंगळवेढ्याच्या काळ्या रानात. मी कॉलेजात असताना ज्वारीच्या काढणीला तिच्याकडे गेले होते. बायका ओळीनं ज्वारी उपटत पुढं चाललेल्या आणि आत्यानं एकदम हात आडवा केला. ताटांच्या बुडाशी घोणस, वेटोळं घालून, जाडजूड. फुत्कार सुरू. मी किंचाळले. एका पोरानं दगड उचलला. आत्या त्याला म्हणाली, "ठेव खाली. बांधाच्या पलीकडं चला, भाकरी खाऊन घेऊ." अकरासुद्धा वाजले नव्हते! बायका हसायला लागल्या, "मालकीणबाई सापाला सुट्टी देत्यात" म्हणून. भाकरी, शेंगाचटणी, कांदा सगळं खाऊन झालं तरी घोणसबाई तिथंच. मग आत्यानं शेताच्या दुसऱ्या टोकाकडून काम सुरू करवलं. तेवढा पट्टा दुसऱ्या दिवशी काढला.

आत्या काही प्राणीप्रेमी वगैरे नव्हती. विंचू दिसला की चप्पल काढायची. पण घोणशीशी झोंबायला गेलं की माणूस चावून घेतो, एवढं तिला कळत होतं. आपल्या ग्रुपात दोन इंजिनिअर आहेत, एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. असो.

आता उलट्या बाजूचे शहाणे. मागच्या महिन्यात एका पोराची रील बघितली. हातात घोणस, चेहऱ्यावर हसू, खाली "अजगराचं पिल्लू वाचवलं". अरे बाबा! घोणस आणि अजगर यांत गोंधळ होणं हे सगळ्यात महागात पडणारं. आणि ते नागाच्या फण्याचे मुके घेणारे? १९७२ चा वन्यजीव कायदा काय फक्त वाघासाठी आहे? खरे सर्पमित्र मला माहीत आहेत. रात्री दोनला फोन केला तरी येतात, हुक आणि पिशवी घेऊन येतात, गुपचूप साप नेऊन सोडतात. त्यांचे व्हिडिओ तुम्हाला सापडणार नाहीत. या रीलवाल्यांनी त्यांचं नाव घालवलंय. दांडकेवाले आणि हे, दोघंही मला सारखेच. दोघांनाही साप बघायचा नसतो, स्वतःला बघायचं असतं.

थांबा, चहा घेऊन येते. जास्तच तापले.

हं. तर बघणं. नान्नजच्या माळावर पूर्वी लोक माळढोक बघायला जायचे. आता तो दिसणं जवळजवळ संपलंय, पण माळ आहे ना! पाऊस उघडल्यावर सकाळी तिकडं चालून बघा. सापमार गरुड वर एका जागी पंख हलवत थांबलेला असतो. काळविटांचा कळप असतो. वाटेवर सापसुरळी सळसळत जाते, जिला बघून निम्मे लोक "विषारी!" म्हणून उडी मारतात; ती कुणाचं काहीही बिघडवत नाही. दगड उगाच उलटू नका, कारण खाली फुरसं असू शकतं. वीतभर जनावर, पण अंगाच्या कडा एकमेकांवर घासून असं काही खरखरतं की पाय आपोआप मागं येतो. विंचवाचंही तसंच. काळी, मोठी इंगळी बघून आपण घाबरतो, आणि खरा घातक असतो तो लालसर, बारीक चिमट्यांचा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्याच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली नसती तर कोकणात किती जीव गेले असते कुणास ठाऊक.

आणि धामण. बाई गं, काय ती चाल! एकदा एका विहिरीच्या कठड्यावरून जाताना बघितली, माझ्यापेक्षा लांब असेल. गाईचं दूध पिते, शेपटीनं मारते म्हणून तिला मारतात. तिकडं कोठीत उंदरांनी ज्वारी पोखरली की मग औषध आणायला पळतात.

मान्य आहे, माझ्या पायात बूट असतात, हातात टॉर्च असतो, आणि संध्याकाळी मी पलंगावर झोपते. शेतातल्या माणसाला हे सगळं ऐकवणं सोपं नाही. मण्यार रात्री निघते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावलेलं धड कळतही नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, तोवर उशीर झालेला असतो. (तिच्यासारखा दिसणारा कवड्या मात्र बिनविषारी. त्याचे पांढरे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारीचे उलटे. पण अंधारात एवढं कोण बघणार, तेही खरं.)

आणि शेतकरी रात्री रानात का जातो? लाईट रात्री येते म्हणून. मोटार चालू करायला दोन वाजता, पायात चप्पल, हातात मोबाईलचा उजेड. सापाला दांडकं घालणाऱ्या मर्दांपैकी कुणी दिवसा लाईट मागायला कधी कुठं अर्ज घेऊन गेलाय? त्या आत्याच्याच गावात एक माणूस रात्री पाणी द्यायला गेला आणि घोणस चावून गेला. आधी मांत्रिकाकडे नेला, दोरीनं पाय करकचून बांधला, ब्लेडनं कापलं. यातलं काहीही करायचं नसतं. पाय हलवू न देता थेट सिव्हिल गाठायचं. लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते, आणि ती देवळात मिळत नाही.

आत्याला ती बातमी कळली तेव्हा ती खूप वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, आता हीसुद्धा दिसेल तो साप मारायला सांगणार. पुढच्या काढणीला गेले तर सगळ्या मजूर बायकांना गुडघ्यापर्यंत येणारे गमबूट! मालदांडी ज्वारीच्या रानात, भर उन्हात गमबूट. बायका शिव्या घालत होत्या, पण घालत होत्या.

असो. ग्रुपवर मी आणखी काही लिहिणार नाही. ज्यांना खरंच बघायचंय त्यांनी रविवारी नान्नजला यावं, पाच वाजता निघतोय. घोट्यावर येतील असे बूट, पाणी, जमलं तर दुर्बीण. गवतात हात घालून फोटो काढणाऱ्याला परतीला माझ्या गाडीत जागा नाही. बस मिळते तिथून.