हरवलेले जीबी आणि मेटाडेटा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'नव्या डिस्कवरची हरवलेली जागा मेटाडेटा खातो' या माझ्या लेखावरून चांगलंच खडसावलंत, पण मुद्द्याला धरून; म्हणून सवडीने लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मेटाडेटा म्हणजे फाइलचं नाव, तारीख, परवानग्या, त्याला जागा ती किती लागणार? १ टीबीची कोरी डिस्क ईएक्सटी४ मध्ये (लिनक्सची फाइली मांडण्याची पद्धत) फॉरमॅट केली की ८७० जीबीच मोकळी दिसते, ती निव्वळ कंपनी १००० ने मोजते आणि संगणक १०२४ ने, या गोंधळामुळे. मी उगाच बाऊ केला.

आधी माझी चूक. गेलेली सगळी जागा मी मेटाडेटाच्या नावावर मांडली होती, ते चुकलंच. पण तुमचाही हिशेब जुळत नाही. १०२४ च्या मापाने १ टीबीचे ९३१ होतात. मग ८७० कुठून आले?

ईएक्सटी४ फॉरमॅटच्या वेळीच आयनोडचे, म्हणजे प्रत्येक फाइलीचा मेटाडेटा ठेवायच्या नोंदींचे, तक्ते आखून ठेवते. नेहमीच्या सेटिंगला दर १६ केबीमागे एक आयनोड, प्रत्येकी २५६ बाइट्स. म्हणजे डिस्कचा चौसष्टावा भाग, तुमच्या डिस्कवर साधारण साडेचौदा जीबी. पाहुणे येवोत न येवोत, सहा कोटी पानं मांडून तयार! म्हणूनच 'डीएफ -एच' (डिस्कची जागा दाखवणारी आज्ञा) मध्ये एकूण आकारच ९१६ च्या आसपास दिसतो. उरलेले ४६ जीबी म्हणजे रूटसाठी (सिस्टिमचा मुख्य वापरकर्ता) राखून ठेवलेले ५ टक्के. हा मेटाडेटा नव्हे, आणि इथेच मी घसरलो.

ही पानं, म्हणजे आयनोड, कमी पडली तर काय होतं, तेही भोगलंय. एका छोट्या सर्व्हरवर फोटोंच्या थंबनेलच्या बारीक बारीक फाइली साठत गेल्या. एके रात्री 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. बघतो तर डिस्क ४० टक्के रिकामी! दोन तास लॉग (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइली) पुसत बसलो, काही फरक नाही. शेवटी 'डीएफ -आय' (आयनोडचा हिशेब दाखवणारी आज्ञा) मारलं : आयनोड १०० टक्के. आहे त्या डिस्कवर हा आकडा नंतर वाढवता येत नाही, फॉरमॅट करतानाच ठरतो.

'१ केबीची फाइल १ केबीच खाते' हे तुमचं म्हणणंही सरसकट खरं नाही. ६४ जीबीच्या एक्सफॅट (पेनड्राइव्हवरची फाइली मांडण्याची पद्धत) पेनड्राइव्हवर क्लस्टर, म्हणजे फाइलीला मिळणारा जागेचा सगळ्यात लहान तुकडा, सहसा १२८ केबीचा असतो. १ केबीच्या दहा हजार फाइली टाका, सव्वा जीबी गेले. उलट विंडोजच्या एनटीएफएस या पद्धतीच्या डिस्कवर नोटपॅडमध्ये एक ओळ लिहून सेव्ह करा आणि प्रॉपर्टीज बघा. 'साइज ऑन डिस्क' शून्य! मजकूर एमएफटीच्या (एनटीएफएसचा मेटाडेटाचा तक्ता) १ केबीच्या नोंदीतच मावलेला असतो. म्हणजे इथे मेटाडेटाच जागा वाचवतो.

तुमची डिस्क नुसती सिनेमे-फोटो ठेवायला असेल तर 'ट्यून२एफएस -एम ०' (राखीव जागा शून्य करणारी आज्ञा) करून ते ४६ जीबी खुशाल सोडवून घ्या. सिस्टिमच्या पार्टिशनवर मात्र नको. मूळ लेखातला आकडा दुरुस्त केला आहे.