तीन गोल खाऊन नाचणारी माणसं

मिरजकर तिकटीजवळच्या आमच्या कट्ट्यावर विषय निघाला २०२६ च्या वर्ल्ड कपचा. कुणाच्या बाजूनं बसायचं? कोल्हापुरात याला दोनच उत्तरं, ब्राझील नाहीतर अर्जेंटिना. मी मेक्सिको म्हणालो.

"मेक्सिको?" सुऱ्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "१९९४ ते २०१८, सलग सात वर्ल्ड कप. सातही वेळा बाद फेरीच्या पयल्याच मॅचला घरी. २०२२ ला तर तिथवर बी न्हाई. क्वार्टर फायनल दोनदाच, ७० आणि ८६. दोन्ही सोताच्या अंगणात!"

आकडे बरोबर होते. पोरगी कितवीत आहे ते विचारा, बायकोला फोन लावेल.

मग मी २७ जून २०१८ काढला. त्या दिवशी मी मेक्सिको सिटीत होतो. सामने रशियात, त्यामुळं तिथं सकाळचे नऊ. खानावळीत पुढ्यात चिलाकिलेस. मक्याच्या शिळ्या पोळ्यांचे तळलेले तुकडे मिरचीच्या रश्शात घोळवलेले. आपल्या फोडणीच्या पोळीचं चुलत भावंडच. स्वीडनशी बरोबरी केली तरी भागत होतं. पण दुसऱ्या हाफमध्ये तीन गोल बसले, त्यातला तिसरा स्वतःच्याच खेळाडूचा. खानावळ चिडीचूप. आता सगळी भिस्त त्याच वेळी दुसरीकडं जर्मनीशी खेळणाऱ्या कोरियावर. जर्मनीनं त्यांना एका गोलनं जरी हरवलं, तरी मेक्सिको बाहेर.

नव्वद मिनिटं संपली आणि कोरियाचा गोल! आधी ऑफसाइड म्हणून नाकारला, मग व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ बघून, दिला. मग जर्मनीचा गोलकीपर नोयर गोल सोडून पुढं आला आणि कोरियाच्या सोननं मोकळ्या जाळीत दुसरा घातला. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी माझ्या गालाचा मुकाच घेतला. लोक कोरियाच्या वकिलातीसमोर जमून ओरडत होते, "कोरेआनो, एर्मानो, या एरेस मेहिकानो!" कोरियन भावा, आता तू मेक्सिकनच. दिसेल तो कोरियन खांद्यावर. मलाही एकानं विचारलं, "कोरिया?" म्हटलं, "इंडिया." तरी मिठी मारलीच.

"म्हंजे तीन गोल खाऊन नाचली?" सुऱ्या.

"आपल्यात पेठेची टीम हरली तर पोरं आठ दिस तिकटीवर तोंड दावत न्हाईत," बंड्या म्हणाला. "हरल्यालं लागलं पायजे गड्या."

"लागतंय की. २०१४ ला नेदरलँड्सच्या रॉबेननं अगदी शेवटाला पेनल्टी काढली, मेक्सिको बाहेर. 'पेनल्टी नव्हतीच' छापलेले टी-शर्ट मी चार वर्षांनी बाजारात बघितलेत."

"मग त्या नाचाचा उपयोग काय? पुढच्या सोमवारी आमच्या ब्राझीलनं दोन घालून घरी धाडलंच की!"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. चहा संपला होता.

टपरीवाले अण्णा इतका वेळ ग्लास विसळत होते. "आणि ती कोरिया कितव्या मॅचला हरली?"

"ती त्याच दिवशी बाहेर गेली, अण्णा. जिंकून."

"अरारा," अण्णा म्हणाले आणि न मागता आणखी चार कटिंग ठेवले.