शुक्रवारी सहाला बाजार बंद असतो, मामा

मामाचा फोन एरवी रविवारी येतो. गेल्या आठवड्यात बुधवारी आला, तोही मी कोपरखैरणेला लोकलमधून उतरत असताना. "अगं, तू ऑफिसात डॉलरचंच बघतेस ना? एक मेसेज पाठवलाय. वाच आणि सांग, वीस हजार टाकू की पन्नास?" टाकू की नको, हा प्रश्नच नव्हता.

मामा ठाण्याला नौपाड्यात राहतो. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झाला, आता सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारतो. मेसेज त्या फेऱ्यांच्या ग्रुपातून आलेला. त्यानंतर तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, कंपनीच्या ड्रायव्हरनेही दाखवला. प्रत्येकाला वेगळं समजावत बसायला मला वेळ नाही, म्हणून एकदाच लिहिते.

मेसेजचा सारांश असा: आमच्या अ‍ॅपवर पैसे टाका आणि डॉलर-रुपयाचे सौदे करा. अमेरिकेतल्या नोकऱ्यांचा आकडा दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी सहाला येतो. आकडा चांगला आला की डॉलर-रुपया वर, हे ठरलेलं. आमच्या 'सरां'ना आकडा आधीच कळतो. अ‍ॅप रिझर्व्ह बँकेला मान्य आहे, अलर्ट लिस्टमध्ये नाव नाही. वीस हजारांवर ५०० पट लिमिट मिळते, म्हणजे तेवढ्या पट रकमेचा सौदा करता येतो. आणि १९४७ साली एक डॉलर एक रुपयाला होता, आज नव्वदला आहे, म्हणजे डॉलर कधी पडतच नाही.

सहा वाजताचं आधी घेते, कारण तिथेच सगळं उघडं पडतं. हा आकडा, ज्याला आम्ही 'नॉन-फार्म' (शेती सोडून बाकीच्या नोकऱ्या) म्हणतो, अमेरिकेत सकाळी साडेआठला जाहीर होतो. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात सहा वाजलेले असतात आणि हिवाळ्यात सात, कारण तिकडे घड्याळं पुढे-मागे करतात. पण आपल्याकडे एक्स्चेंजवर डॉलर-रुपयाचे सौदे चालतात सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. बँकांचा आपसातला बाजार तर साडेतीनलाच आवरतो. आकडा येतो तेव्हा दुकानाचं शटर पडून निदान तास झालेला असतो! शुक्रवार संध्याकाळचा आकडा आपल्या रुपयाला भेटतो सोमवारी सकाळी नऊला. मधल्या दोन दिवसांत तेल भडकतं, कुणी आयातकर लावतं, आणि सोमवारी नोकऱ्यांचं नावही कुणी काढत नाही. युरो-डॉलर, पाउंड-डॉलर आणि डॉलर-येनचे सौदे एक्स्चेंजवर साडेसातपर्यंत चालतात, तेवढं मान्य. सिंगापूर-लंडनला रुपयाचेही सौदे रात्री होतात, पण तो बँकांचा आणि फंडांचा कारभार. नौपाड्यातून वीस हजार घेऊन आलेल्या माणसाला तिथे कुणी उभं करत नाही.

मग शुक्रवारी सहाला त्या अ‍ॅपवर नाचणारा डॉलर-रुपया कुठला? असल्या अ‍ॅपवर बहुतेक वेळा तो अ‍ॅपवाल्याच्याच सर्व्हरवरचा असतो. पलीकडे घेणारा-विकणारा कुणी नाही, तू हरलास की तोच जिंकतो. भावही त्याचा, घड्याळही त्याचं.

आता 'रिझर्व्ह बँकेला मान्य'. यावर मला खरा राग आहे, कारण मामासारखी माणसं या तीन शब्दांवरच पैसे काढतात. रिझर्व्ह बँकेने परकीय चलनाच्या अनधिकृत अ‍ॅप आणि वेबसाइटांची अलर्ट लिस्ट पहिल्यांदा ७ सप्टेंबर २०२२ रोजी प्रसिद्ध केली. तेव्हा ३४ नावं होती, नंतर ती वाढत गेली. मेसेज लिहिणाऱ्याने यादी पाहिलेली दिसते, पण सोबतचा मजकूर सोयीने गाळला. रिझर्व्ह बँक तिथे स्पष्ट सांगते की ही यादी परिपूर्ण नाही आणि एखादं नाव यादीत नसलं म्हणून त्याला मान्यता आहे असं समजू नये. स्टेशनवरच्या फलकावर ज्याचा फोटो नाही त्याच्या हाती पाकीट सोपवायचं, असला हा प्रकार. मान्यता असलेल्या प्लॅटफॉर्मची यादी वेगळी असते, तीही रिझर्व्ह बँकेच्याच साइटवर आहे. त्यात हे अ‍ॅप शोधा म्हटलं तर मामा म्हणाला, "तिथे नाही, पण सर म्हणाले अर्ज केलाय." म्हणजे मान्य आहे की अर्ज केलाय?

कायदा साधा आहे. १९९९चा फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा म्हणतो, परकीय चलनाचा व्यवहार अधिकृत व्यक्तीशीच आणि परवानगी असलेल्या कारणासाठीच करायचा. ऑनलाइन करायचा तर रिझर्व्ह बँकेने मान्य केलेल्या प्लॅटफॉर्मवर किंवा मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर. शिक्षण, प्रवास, उपचार यांसाठी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, पण परदेशी अ‍ॅपला मार्जिन (सौद्यासाठीची अनामत) भरायला नाही. नियम मोडला तर दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत. आणि हे मेसेजवाले कधीच सांगत नाहीत ते असं की कारवाई पैसे भरणाऱ्यावरही होऊ शकते. सर दुबईत की दहिसरात कुणाला ठाऊक, आधार आणि पॅन मात्र मामाचं.

"मग एक्स्चेंजवरच करतो," असं म्हणणारेही निघतील. तेही आता सोपं नाही. जानेवारी २०२४च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने पुन्हा बजावलं की रुपयाचे सौदे ज्याचं खरंखुरं परकीय चलनातलं येणं-देणं आहे त्यानेच करावेत. मोठ्या रकमेपर्यंत कागद मागणार नाहीत, पण येणं-देणं हवंच. ३ मे २०२४ पासून ते लागू झालं आणि नुसत्या पैजा लावणारे हटल्यावर तो बाजार आटलाच. मी महापेच्या एका केमिकल निर्यातदाराकडे आहे. आमची बिलं डॉलरमध्ये येतात, म्हणून मी कव्हर घेते, म्हणजे पुढे येणाऱ्या डॉलरचा भाव आधीच बांधून ठेवते. मामाला डॉलरमध्ये कोण बिल देतं?

मेसेजमध्ये एक क्यूआर कोडही होता. स्कॅन केला तर एका जनरल स्टोअरचं नाव आलं. रिझर्व्ह बँकेला मान्य असलेली परकीय चलनाची पेढी जनरल स्टोअरच्या खात्यात पैसे घेते! कुणी आधीच भरले असतील तर लाजत बसू नका, १९३०ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, जितक्या लवकर तितकं बरं.

बाकीचे मुद्दे भराभर.

पहिला शुक्रवार बहुतेक वेळा खरा, दर वेळी नाही. २०२५च्या जूनचा आकडा गुरुवारी, ३ जुलैला आला, कारण चारला त्यांची सुट्टी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सरकारचं कामकाज बंद पडलं आणि ३ ऑक्टोबरला यायचा आकडा २० नोव्हेंबरला आला. ग्रुपातल्या लोकांना तेव्हा सरांनी काय सांगितलं, हे मला फार ऐकायचंय.

'चांगला आकडा म्हणजे डॉलर वर' हे अर्धसत्य आहे. बाजार आकड्याकडे बघतच नाही, अपेक्षेपेक्षा तो किती वेगळा आला ते बघतो. बेरोजगारीचा दर, पगारवाढ, मागच्या दोन महिन्यांची दुरुस्ती, सगळं एकाच वेळी येतं आणि पहिल्या मिनिटात वर गेलेला डॉलर पाचव्या मिनिटाला खाली असतो. दुरुस्तीचं तर विचारूच नका. त्याच ३ जुलैला सांगितलं, जूनमध्ये १,४७,००० नोकऱ्या वाढल्या. १ ऑगस्टला दुरुस्त केलं तेव्हा त्या उरल्या १४,०००. मे-जून मिळून २,५८,००० नोकऱ्या कागदावरून पुसल्या गेल्या, डॉलर धडाधड उतरला आणि राष्ट्राध्यक्षांनी हा आकडा काढणाऱ्या खात्याच्या प्रमुखबाईंना त्याच दिवशी काढून टाकलं. चांगला आकडा नक्की कुठला मग? आमच्या बँकेतला डीलर नॉन-फार्मच्या दिवशी दुपारीच सांगतो, "मॅडम, जे कव्हर करायचंय ते करून घ्या, संध्याकाळचा अंदाज मला विचारू नका." त्याचं पोट यावर चालतं, तरी!

आकडा आधी कळतो म्हणे. हो, कळतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला. १ जून २०१८ रोजी ट्रम्प यांनी आकडा येण्याच्या तासाभरापूर्वी ट्वीट केलं की आजच्या आकड्यांची वाट बघतोय, आणि बाजाराने लगेच कान टवकारले. त्यावरून केवढा गदारोळ झाला. तलावपाळीच्या ग्रुपातल्या सरांची ऊठबस तिथपर्यंत असेल तर त्यांना मामाचे वीस हजार कशाला हवेत?

५०० पटीचा हिशेब मी मामाला फोनवरच करायला लावला. वीस हजार गुणिले पाचशे म्हणजे एक कोटी. कोटीचे ०.२ टक्के म्हणजे वीस हजार. डॉलर नव्वदला धरला तर अठरा पैसे. रुपया अठरा पैसे उलटा फिरला की खातं शून्य. रुपया एवढा तर कुठल्याही साध्या दिवशी हलतो. आकड्याच्या क्षणी घेण्या-विकण्याच्या भावातलं अंतरच इतकं फाकतं की स्टॉपलॉस (ठरवलेल्या भावाला सौदा आपोआप तोडणारी सूचना) लावला असला तरी तो भलत्याच भावाला लागतो.

राहिलं १९४७. तेव्हा रुपया पाउंडाला बांधलेला होता, एका पाउंडाला १३.३३ रुपये. पाउंड ४.०३ डॉलरचा. भागाकार करा, डॉलर ३.३० रुपयांच्या आसपास येतो, एक नव्हे. १९४९मध्ये तो ४.७६ झाला, जून १९६६च्या अवमूल्यनानंतर ७.५०. रुपया वर्षानुवर्षं घसरत आलाय, हे मात्र नाकबूल करता येत नाही. २०१४च्या अखेरीला डॉलर ६३च्या आसपास होता, २०२४च्या अखेरीला ८५ ओलांडून गेला. वर्षाला सरासरी तीन टक्के. मामाची ठाण्यातल्या बँकेतली एफडी यापेक्षा जास्त देते, आणि रात्री झोपूही देते.

हे सगळं ऐकून मामा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बरं, ते राहू दे. चिन्मयची अमेरिकेतली फी भरायचीय, बँकेतूनच, रीतसर. या शुक्रवारी भरू की सोमवारी?"

मी म्हटलं, "मामा, मला नाही माहीत. अर्धी शुक्रवारी भर, अर्धी सोमवारी."

"अकरा वर्षं करतेस काय मग ऑफिसात?" असं म्हणून त्याने फोन ठेवला.